दवाखाना पलीकडे, बिल कुणाच्या नावावर?

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरपाशी सकाळी थोडा वेळ उभं राहा. आजाराबद्दल फारसं ऐकू येत नाही, रेशनकार्डाबद्दल मात्र भरपूर ऐकू येतं. ‘याव ऊर री?’ म्हणजे ‘कुठलं गाव हो?’ असं आरोग्यमित्र, म्हणजे काउंटरवरचा योजनेचा मदतनीस, कानडीत विचारतो. समोरचा कुणी इंडीचा असतो, कुणी अफझलपूरचा, कुणी आळंदचा. हातात कॅरीबॅग, तिच्यात एक्स-रे, गावाकडच्या डॉक्टरची चिठ्ठी, आधार आणि कर्नाटक सरकारचं रेशनकार्ड. ऑपरेशन करावं लागणार हे आत डॉक्टरांनी केव्हाच सांगितलेलं असतं. आता अडलेलं असतं ते एवढ्यावरच, की पैसे कुठलं सरकार देणार.

विजापूर रोडने टाकळीजवळ भीमा ओलांडली की पलीकडे धूळखेड, म्हणजे कर्नाटक. दोन्ही काठांना ऊस तोच आणि सोयरिकी दोन्हीकडच्या. कांदा विकायला, लग्नाचा बस्ता बांधायला आणि दुखलंखुपलं तर दवाखान्याला त्या भागातली माणसं सोलापूरच गाठतात. सिव्हिलमध्ये मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी एकाच रांगेत ऐकू येतात. रुग्णाला सीमा आडवी येत नाही, डॉक्टरलाही नाही. ती आडवी येते हिशेब लिहिणाऱ्याला, आणि तिथून पुढे सगळ्यांनाच.

हा प्रश्न एकट्या सोलापूरचा नाही. लक्झेंबर्गसारख्या चिमुकल्या श्रीमंत देशातही तो कोर्टापर्यंत गेला. आपल्या गावाबाहेर, राज्याबाहेर, देशाबाहेर उपचार घेतले तर पैसे परत मिळतात का, किती मिळतात, आणि आधी कुणाला विचारावं लागतं, हे नियम वाचायला किचकट वाटतात. पण त्यांच्या मुळाशी दोनच प्रश्न असतात. परवानगी कुणाची? आणि दर कुठला? हे दोन धरून ठेवले की टाकळीच्या पुलापासून युरोपपर्यंतचा सगळा गुंता बराचसा सुटतो.

आधी आपल्या घरचं बघू.

महाराष्ट्रात सरकारी खर्चाने मोठी ऑपरेशनं करण्याची योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं, आणि पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०२३ च्या निर्णयानंतर ते पाच लाखांवर गेलं आणि पिवळ्या-केशरी कार्डांच्या जोडीला पांढरं कार्डही आलं. पण हे सगळं महाराष्ट्राच्या कार्डासाठी. धूळखेडच्या माणसाचं कार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी या योजनेच्या लेखी तो परका.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. आयुष्मान भारत ही केंद्राची योजना २३ सप्टेंबर २०१८ पासून चालू आहे. तिच्यातही कुटुंबाला वर्षाला पाच लाख, पण एक मोठा फरक. हे कार्ड राज्याच्या सीमेवर थांबत नाही. योजनेत सहभागी राज्यांतल्या कुठल्याही पॅनेलवरच्या रुग्णालयात ते चालतं. याला योजनेच्या भाषेत ‘पोर्टेबिलिटी’ म्हणतात. मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना ऐकलेला शब्द, इथे कार्ड तेच ठेवून राज्य बदलायचं. इंडीच्या माणसाचं नाव केंद्राच्या यादीत असेल, तर सोलापूरचं रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं, उपचार होतात आणि पैसे कर्नाटकची यंत्रणा रुग्णालयाला देते. रुग्णाच्या हातून नोट सुटत नाही.

ऐकायला छान आहे. पण ‘नाव केंद्राच्या यादीत असेल तर’ या चार-पाच शब्दांतच बहुतेकांची गाडी अडकते. जवळजवळ प्रत्येक राज्याने केंद्राच्या यादीला आपल्या पैशाने आणखी माणसं जोडलेली आहेत. कर्नाटकाने जोडली, महाराष्ट्राने जोडली. कार्डावर मात्र सगळ्यांच्याच आयुष्मानचा शिक्का सारखा दिसतो. राज्याने आपल्या तिजोरीतून जोडलेल्या माणसाला पोर्टेबिलिटी आपोआप मिळत नाही. एकाच गल्लीतली दोन घरं, दोघांकडे सारखंच दिसणारं कार्ड, एकाचं सोलापुरात चालतं आणि दुसऱ्याचं नाही. काउंटरवरचा आरोग्यमित्र हे समजावून सांगता सांगता घसा कोरडा करतो, आणि समोरचा मनात म्हणत असतो की याला पैसे हवे असणार.

त्यात कर्नाटकाच्या योजनेत तातडीची केस सोडली तर खासगी रुग्णालयात जायला आधी सरकारी रुग्णालयाची रेफरची चिठ्ठी लागते. म्हणजे पहिला प्रश्न, परवानगी कुणाची, तो आपल्या राज्यातच सुरू होतो. दुसरी एक बारीक गोष्ट लोक विसरतात. रुग्णालय पॅनेलवर असलं म्हणजे तिथला प्रत्येक विभाग असतोच असं नाही. हृदयासाठी आहे, हाडांसाठी नाही, असं होतं. म्हणून नदी ओलांडण्याआधी आयुष्मानच्या १४५५५ या नंबरवर फोन करून दोन्ही गोष्टी विचारून घेतलेल्या बऱ्या. एक, माझं कार्ड बाहेरच्या राज्यात चालतं का. दोन, या रुग्णालयात या आजारासाठी चालतं का. महाराष्ट्राच्या योजनेसाठी नंबर १५५३८८.

सीमा ओलांडून पैसे देण्याचा एक राजकीय प्रयोगही आपल्याकडे झाला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कर्नाटकातल्या सीमावादातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करायचं ठरवलं. गावं कर्नाटकात, मतदार कर्नाटकाचे, बिल महाराष्ट्राचं. कर्नाटकाने यावर कडक आक्षेप घेतला, आणि तो का घेतला हे समजायला फार डोकं लागत नाही. दुसऱ्या राज्याचं सरकार आपल्या नागरिकाला कार्ड वाटतंय म्हटल्यावर कुठलं सरकार गप्प बसेल? माझ्या मते यात रुग्णाचा विचार दुसऱ्या नंबरवर होता. तो पहिल्या नंबरवर असता, तर गावांची यादी सीमावादाच्या फायलीतून आली नसती. दवाखान्याला कुठली माणसं कुठे जातात, हे बघून ती केली गेली असती.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, दर कुठला. हा ज्यांना तोंडपाठ आहे अशी एक मोठी जमात प्रत्येक मराठी घरात सापडते: सरकारी नोकर आणि शिक्षक. महाराष्ट्रात कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाचे नियम १९६१ चे आहेत. ठरावीक आकस्मिक किंवा गंभीर आजारात खासगी रुग्णालयात उपचार घेतले, तर आधी खिशातून भरायचं, मग मेडिकल बिलाची फाईल करायची. डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या मूळ पावत्या कागदावर ओळीने चिकटवलेल्या, प्रत्येकीवर डॉक्टरांची सही-शिक्का, वर प्रमाणपत्रं. ती फाईल जिल्हा शल्य चिकित्सकांकडे जाते आणि तिथून परत येते तेव्हा आकड्यांवर लाल शाईने काटछाट झालेली असते. एक लाख ऐंशी हजार भरलेल्या गुरुजींना मंजूर होतात एक लाख दहा. कारण सरकार तुम्ही भरलेले पैसे परत देत नाही, सरकारी दराइतके देतं.

हे न्याय्य आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पंजाब सरकारच्या कर्मचाऱ्यांनी दिल्लीच्या खासगी रुग्णालयात हृदयावरचे उपचार घेतले आणि पूर्ण पैसे मागितले. पंजाबने दराची मर्यादा घातली होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये, पंजाब सरकार विरुद्ध रामलुभाया बग्गा या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की उपचार मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, पण सरकारी तिजोरीला तळ असतो, आणि राज्याने दराची मर्यादा ठरवली म्हणून ते चुकीचं ठरत नाही.

योगायोग असा की साधारण दोन महिन्यांनी, २८ एप्रिल १९९८ रोजी, युरोपच्या न्यायालयातही हाच वाद निकाली निघाला. फक्त तिथे ओलांडलेली सीमा देशाची होती.

प्रकरण कोणाला खरं वाटणार नाही इतकं किरकोळ. लक्झेंबर्गच्या कोल नावाच्या गृहस्थांना आपल्या मुलीचे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करून घ्यायचे होते. डॉक्टर सापडला तो जर्मनीतल्या ट्रियर शहरात, म्हणजे सीमेच्या जरा पलीकडे. विमा यंत्रणेने परवानगी नाकारली: काम तातडीचं नाही, आणि आपल्याकडेही होऊ शकतं. त्याच देशातल्या डेकर यांनी बेल्जियममधल्या आर्लों गावातून चष्मा आणला, परवानगी न विचारता. त्यांचंही बिल नाकारलं. दोघांचं मागणं एवढंच होतं की आमच्या देशाच्या दराने जेवढे बसतात तेवढे द्या. न्यायालय म्हणालं, द्या. युरोपात माल आणि सेवा सीमेपलीकडे मोकळेपणाने जाऊ शकतात, चष्मा हा माल आहे आणि दाताचा डॉक्टर ही सेवा. आपल्याच दराने पैसे द्यायचे असतील तर यंत्रणेचं नुकसान काय होणार?

एका चष्म्याने आणि एका मुलीच्या दातांनी युरोपच्या आरोग्यव्यवस्थेला जे दार उघडून दिलं, त्याचा पुढे कायदा झाला: २०११ चा सीमापार आरोग्यसेवेचा निर्देश. सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात आणायची मुदत होती २५ ऑक्टोबर २०१३.

पण एक वाट त्याआधीपासूनच होती आणि आजही आहे. म्हणून युरोपातल्या रुग्णासमोर दोन दारं असतात, आणि इथेच भले भले गोंधळतात.

जुन्या दारातून गेलात, तर तुम्हाला त्या देशाचाच माणूस समजतात. फिरायला गेल्यावर अचानक आजारी पडलात तर खिशातलं निळं युरोपियन विमा कार्ड दाखवायचं. ते २००४ पासून आहे. मुद्दाम उपचारासाठीच जायचं असेल तर आधी आपल्या विमा यंत्रणेकडून मंजुरीचा कागद घ्यायचा, त्याला एस-२ म्हणतात. दर त्या देशाचा लागतो, तिथल्या माणसाला जेवढं पदरचं भरावं लागतं तेवढंच तुम्हाला, आणि बाकीचा हिशेब दोन देशांच्या यंत्रणा आपसात मिटवतात. हे दार सरकारी व्यवस्थेतल्या दवाखान्यांतच उघडतं, खासगीत नाही.

नव्या दारातून, म्हणजे निर्देशातून गेलात, तर उपचार घरीच झाले असं समजतात. खासगी डॉक्टर चालतो. रात्रीचा मुक्काम किंवा फार महागडी यंत्रं लागणार नसतील तर बहुतेक वेळा आधी विचारायचीही गरज नाही. मात्र पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर आपल्या देशाच्या दराने मागायचे. घरी त्या ऑपरेशनचा दर ५,००० युरो आहे असं समजा. पलीकडे ४,००० लागले तर ४,०००च मिळतील, वरचे हजार कमाई म्हणून ठेवता येत नाहीत. ६,००० लागले तर ५,००० मिळतील, हजार तुमचे गेले. प्रवास, हॉटेल, बरोबर आलेल्या माणसाचं जेवणखाण हे सहसा धरतच नाहीत. आपल्या गुरुजींची फाईल आणि हे दार सख्खी भावंडं आहेत.

परवानगी लागते तिथे ती मनाला येईल तशी नाकारता येत नाही, हेही युरोपात कोर्टानेच ठरवलं. इंग्लंडच्या बेडफर्डमधल्या वॉट्स या बाईंना खुब्याचा सांधा बदलायचा होता. सरकारी यादीत नंबर वर्षभराने लागणार होता, नंतर तो तीन-चार महिन्यांवर आला. त्या थांबल्या नाहीत. २००३ मध्ये फ्रान्समध्ये जाऊन ३,९०० पौंड भरून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं आणि बिल मागितलं. २००६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की ‘आमच्याकडे यादीच एवढी लांब आहे’ हे कारण पुरत नाही. या रुग्णाचं दुखणं, त्याची अवस्था, त्याला किती थांबणं परवडेल, हे बघून ठरवा. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२० संपताना निर्देशाचं हे नवं दार तिथल्या लोकांसाठी बंद झालं, ती कथा निराळी.

एवढा खटाटोप केल्यावर युरोपातली माणसं झुंडीने सीमा ओलांडत असतील असं वाटेल. तसं झालं नाही. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा निर्देशाचा फायदा घेऊन परदेशात उपचार घेणारे वर्षाला साधारण दोन लाख निघाले, लोकसंख्येच्या ०.०५ टक्क्यांहूनही कमी. आजारी माणसाला आपलं घर, आपली भाषा आणि डबा आणून देणारं माणूस जवळ हवं असतं, हे त्यातलं पहिलं कारण. पण दुसरं कारण मला जास्त टोचतं. आधी भरा, मग मागा, या अटीचा हक्क ज्याच्याकडे भरायला आहेत त्याच्यापुरताच उरतो. त्या बाजूने बघितलं तर आपली आयुष्मानची पोर्टेबिलिटी, तिच्या यादीच्या भानगडीसकट, गरिबाच्या जास्त कामाची आहे. रुग्णालयांना पैसे उशिरा मिळतात आणि म्हणून ती परराज्याचं कार्ड बघून नाक मुरडतात, हे खरं असलं तरी.

एक उदाहरण मात्र सोलापूरकरांनी बघावं असं आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर, पिरेनीज पर्वतात सर्दान्या नावाचं खोरं आहे. एकच खोरं, पण अर्धं एका देशात आणि अर्धं दुसऱ्यात. फ्रान्सच्या बाजूच्या माणसाला मोठं रुग्णालय गाठायचं तर घाट उतरून लांब जावं लागे. दोन्हीकडच्या सरकारांनी पैसे घालून स्पेनच्या बाजूला पुचसेर्दा गावात एकच रुग्णालय बांधलं. ते २०१४ मध्ये सुरू झालं आणि दोन्हीकडचे रुग्ण तिथे येतात. ‘याव ऊर री’ हा प्रश्न तिथेही विचारतात, पण तो पत्त्यासाठी. दोन देशांना जमलं ते भीमेच्या दोन काठांना जमू नये असं काही नाही, फक्त कुठल्याही विधानसभेत त्यासाठी टाळ्या पडणार नाहीत.

देशाची सीमा ओलांडून लोकांना औषध द्यायला गेलेला माणूस सोलापूरने पाहिलेला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते परत आले नाहीत. पण आज सोलापूरच्या घरांतून देशाबाहेर जाणारी मंडळी वेगळी. मुलगा म्युनिकला नोकरीला, सून तिथेच, आणि आई-बाबा उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी जाणार. या एका कुटुंबात सीमापार उपचाराचे तीन वेगवेगळे नियम लागू होतात, आणि तिघांची सरमिसळ हमखास होते.

मुलगा जर्मनीच्या सरकारी विम्यात असेल तर त्याच्या विमा कार्डाच्या मागच्या बाजूलाच ते निळं युरोपियन कार्ड छापलेलं असतं. पासपोर्ट भारतीय असला म्हणून बहुतेक देशांत अडत नाही. तो पॅरिसला फिरायला जाऊन पडला-झडला तरी सोय आहे. पण तोच दिवाळीला सोलापुरात येऊन आजारी पडला, तर त्या कार्डाचा इथे उपयोग शून्य. भारत-जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, २०१७ पासून लागूही आहे, पण तो पेन्शनपुरता. आजारपण त्यात नाही. सुट्टीपुरता प्रवास विमा त्यालाही तिकडूनच काढावा लागतो.

दाताच्या कॅपचंच बघा. जर्मनीत सरकारी विमा कॅपच्या खर्चातला ठरावीक वाटा देतो, उरलेले तुमचे, आणि ते बरेच असतात. म्हणून जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसं हंगेरीतल्या शोप्रोनसारख्या सीमेवरच्या गावांत जातात, जिथे दाताच्या दवाखान्यांचा बाजारच भरलेला आहे. उपचाराचा आराखडा आधी मंजूर करून घेतला असेल तर विम्याचा तो वाटा शोप्रोनलाही मिळतो. सोलापुरात कॅप बसवली तर वाटा मिळत नाही. तरीही बरीच पोरं इथेच बसवून घेतात, कारण पूर्ण खर्च पदरचा धरूनही हिशेब परवडतो आणि वर आईच्या हातचं मऊ जेवण.

आई-बाबांचं गणित तिसरंच. त्यांना शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. एजंट तो स्वस्तात काढून देतो आणि व्हिसा लागतो, म्हणून सगळे निवांत असतात. पण ही पॉलिसी तातडीच्या दुखण्यापुरती असते. बाबांचा जुना बीपी, आईची शुगर, गुडघा, यांवरचे नेहमीचे उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत, आणि आधीपासूनचा आजार लपवलेला असेल तर खरोखरीच्या तातडीतही दावा अडतो. म्हणून फॉर्म भरताना सगळं खरं लिहा, हप्ता चार पैसे वाढला तरी. तीन महिन्यांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्या, चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपल्या ब्रँडची नावं तिथल्या औषधवाल्याला कळत नाहीत. इथल्या नेहमीच्या मेडिक्लेमच्या भरवशावरही जाऊ नका. त्यातल्या बहुतेक भारतातच चालतात, आणि आयुष्मान तर भारताबाहेर नाहीच.

आणि तिकडे दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर दोन प्रश्नांपैकी पहिला इथेही आडवा येतो, परवानगी कुणाची. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी कळवलं तर कंपनी रुग्णालयाशी थेट बोलून पैसे भरण्याची व्यवस्था करू शकते. न कळवता दाखल झालात तर आधी युरोत भरा, मूळ बिलं आणि रिपोर्ट जपा, आणि परत आल्यावर फाईल करा. म्हणून तो नंबर आई-बाबांच्या फोनमध्ये आणि पर्समधल्या कागदावरही लिहून द्या. पहिला फोन मुलाला नाही, या नंबरला करायचा, हे दोनदा सांगून ठेवा. मुलगा तसाही मीटिंगमध्ये असणार.